कॉलेजात व्यसनाचं प्रकरण निघालं तर काय आधी करायचं, काय नंतर

कॉलेजात दारू, गांजा किंवा एमडी म्हणजे मेफेड्रोन या उत्तेजक भुकटीचं प्रकरण उघडकीला आलं की बहुतेक घरं एकाच उलट्या क्रमाने धावतात. आधी लपवाछपवी होते, मग सांगेल त्या माफीनाम्यावर सही, मग मुलाला काही दिवस गावी नेऊन ठेवणं. उपचार सगळ्यात शेवटी, तेही झाले तर. हा क्रम बदलला तर मुलाचं वर्ष वाचण्याची शक्यता वाढते, कायद्याचं संरक्षण मिळू शकतं, आणि मुख्य म्हणजे व्यसनाला हात घातला जातो. स्वतःहून उपचारासाठी पुढे आलेला विद्यार्थी आणि पकडला गेल्यावर उपचाराची भाषा बोलणारा विद्यार्थी, या दोघांकडे कायदा आणि कॉलेज एकाच नजरेने पाहत नाहीत.

पुढचे टप्पे महाराष्ट्रातला विद्यार्थी, त्याच्या खोलीतला मित्र आणि आईवडील या तिघांसाठी आहेत. मुलींबाबतही क्रम हाच. फरक एवढाच की मुलीचं व्यसन घरचे आणि वसतिगृह दोघंही जास्त काळ झाकून ठेवतात, त्यामुळे उपचाराला उशीर होतो.

## टप्पा १: समोरच्याचा जीव धोक्यात आहे का, ते आधी पाहा

नियम, रेक्टर, पोलीस, घरचे या सगळ्यांच्या आधी हा टप्पा येतो. पार्टीनंतर कुणी बेशुद्धीसारखा पडला असेल तर खालच्यापैकी एकही खूण पुरेशी आहे:

- हाक मारून, खांदा हलवून, चिमटा काढूनही नीट जागा होत नाही.
- श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी आहे, किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांहून जास्त अंतर पडतं.
- ओठ किंवा नखं निळसर झाली आहेत, अंग गार आणि चिकट लागतं.
- झटके येतात, किंवा झोपेत उलटी होते.
- डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या आहेत आणि श्वास मंदावला आहे. ही ब्राऊन शुगरची (भेसळीच्या हेरॉईनची) किंवा अफूच्या जातीतल्या दुसऱ्या औषधाची विषबाधा असू शकते.
- एमडी किंवा तत्सम उत्तेजक घेतल्यावर अंग तापलं आहे, छातीत दुखतं आहे, माणूस भ्रमात बोलतो आहे.

यातलं काही दिसलं तर १०८ किंवा ११२ ला फोन करा. त्याला डाव्या कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड किंचित खाली झुकेल असं ठेवा, म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. एकजण सतत शेजारी बसून श्वास मोजत राहील. श्वास थांबलाच तर फोनवरचा माणूस सांगेल तसं छातीवर दाब द्यायला लागा.

हे करू नका: लिंबूपाणी, ताक किंवा कॉफी पाजू नका. घशात बोटं घालून उलटी काढू नका. थंड पाण्याखाली उभं करू नका. आणि ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ असं म्हणून खोलीचं दार ओढून निघून जाऊ नका. पोटात गेलेली दारू झोपेतही रक्तात उतरत राहते, त्यामुळे माणूस झोपल्यानंतर त्याची अवस्था आणखी बिघडू शकते.

डॉक्टरांना काय घेतलं, साधारण किती आणि कधी घेतलं, हे खरं सांगा. पुडी, गोळ्यांचं पाकीट किंवा बाटली हाताशी असेल तर दाखवा. मुलं इथे खोटं बोलतात, कारण पोलिसांची भीती असते. रुग्णालय अशा रुग्णाची नोंद पोलिसांना कळवू शकतं हे खरं आहे. पण ती नोंद म्हणजे गुन्हा दाखल होणं नव्हे. ‘काहीतरी खाण्यात आलं’ एवढंच सांगितलं तर उतारा द्यायला उशीर होतो, आणि तो उशीर भरून काढता येत नाही.

तपासा: रुग्णालयात पोचेपर्यंत खोली आवरणं, बाटल्या फेकणं यात माणसं गुंतली आहेत का? त्यातल्या एकाला रुग्णासोबत पाठवा.

## टप्पा २: पदार्थ कोणता आणि त्याला कायदा कोणता, हे वेगळं करा

‘नशा’ या एका शब्दात सगळं कोंबलं की घाबरगुंडी तरी होते, नाहीतर भलताच निर्धास्तपणा येतो. कायद्याच्या दृष्टीने इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत.

तंबाखू. २००३ च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार कॉलेजच्या आवारात धूम्रपानाला बंदी आहे आणि त्यासाठी २०० रुपयांपर्यंत दंड आहे. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत तंबाखू विकता येत नाही. गेटसमोरची टपरी अनेक वर्षांपासून आहे म्हणून ती कायदेशीर ठरत नाही. व्हेप म्हणजे ई-सिगारेट हे प्रकरण सिगारेटपेक्षा गंभीर आहे. २०१९ च्या कायद्याने तिची विक्री, वाटप, आयात आणि साठवणूक बंद केली. मित्रांसाठी मागवून खोलीत ठेवणारा आणि वाटणारा मुलगा सरळ या कायद्याच्या कक्षेत येतो. पहिल्या वेळी विक्रीसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे.

दारू. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं आणि कडक दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात, शिवाय परवाना लागतो. म्हणजे पदवीला असलेली बहुतेक मुलं कायद्याने पिण्याच्या वयाचीच नसतात. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत तर दारूबंदीच आहे. पिऊन गाडी चालवली आणि रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अमली पदार्थ. गांजा, चरस, एमडी, ब्राऊन शुगर, कोकेन हे सगळे १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. इथे दोन गैरसमज फार पसरले आहेत.

पहिला, ‘थोडंच होतं, काही होत नाही.’ कायद्यात ‘अल्प प्रमाण’ नावाची पायरी आहे: गांजासाठी एक किलोपर्यंत, चरससाठी १०० ग्रॅमपर्यंत, ब्राऊन शुगरसाठी पाच ग्रॅमपर्यंत, कोकेन आणि एमडीसाठी दोन ग्रॅमपर्यंत. पण अल्प म्हणजे माफ नव्हे. अल्प प्रमाण जवळ बाळगल्याबद्दल एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. एमडीसारख्या भुकटीत भेसळ असली तरी वजन सगळ्या भुकटीचं धरलं जातं, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे. दोन ग्रॅमची रेषा वाटते त्यापेक्षा लवकर ओलांडली जाते, आणि पुढच्या पायरीवरची शिक्षा कित्येक पटींनी मोठी आहे.

दुसरा, ‘मी विकत नाही, फक्त सगळ्यांसाठी आणतो.’ पैसे गोळा करून एकाने आणायचं आणि बाकीच्यांत वाटायचं, यात नफा नसला तरी आणणं, बाळगणं आणि पुरवणं आलंच. पाचजणांत नेहमी आणायला जाणारा जो असतो, तो सर्वांत जास्त अडकतो. बहुतेकदा तो गटातला सगळ्यात भिडस्त मुलगा असतो.

सावध: पहिल्या वर्षाला असलेला ज्युनियर अजून १८ पूर्ण झालेला नसेल, तर त्याला दारू, सिगारेट किंवा कोणताही मादक पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ‘फ्रेशर्सला एक पेग’ हा प्रकार या कलमात बसतो. ज्युनियरला जबरदस्तीने प्यायला लावणं हे रॅगिंगही आहे. त्याची तक्रार १८००-१८०-५५२२ वर करता येते.

## टप्पा ३: कॉलेजचा कागद मिळवा आणि वाचा

कायदा सगळ्यांना सारखा असतो, पण कॉलेजचे नियम ठिकठिकाणी वेगळे असतात. प्रवेशाच्या गडबडीत तुम्ही दोन-तीन हमीपत्रांवर सह्या केलेल्या असतात आणि त्यांची प्रत बहुधा कुणाकडेच नसते. ती आता काढा: माहितीपुस्तिका, वसतिगृह नियमावली, प्रवेशाच्या वेळचं हमीपत्र. कार्यालयातून मागायला संकोच वाटत असेल तर आधी संकेतस्थळावर शोधा.

वाचताना एवढंच शोधायचं:

१. वसतिगृहाची शिक्षा आणि कॉलेजची शिक्षा वेगळी आहे का? खोली जाणं आणि प्रवेश जाणं या दोन भिन्न गोष्टी आहेत.
२. ‘नशेत सापडणं’, ‘बाळगणं’ आणि ‘पुरवणं’ यांना वेगवेगळी शिक्षा लिहिली आहे का?
३. स्वतःहून मदत मागणाऱ्याबद्दल काही सवलत किंवा समुपदेशनाची तरतूद आहे का?
४. निर्णय कोण घेतं आणि अपील कुणाकडे, किती दिवसांत?
५. लघवीच्या तपासणीची अट आहे का?

तिसऱ्या मुद्द्यावर जास्त वेळ घालवा. काही संस्थांच्या नियमावलीत ही तरतूद शेवटच्या पानांवर, विद्यार्थी कल्याणाच्या मथळ्याखाली असते आणि ती वाचली जात नाही. ती असेल तर पुढचा सगळा पत्रव्यवहार तिचा उल्लेख करून करा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर झोपेच्या, चिंतेच्या किंवा लक्ष एकाग्र होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी चिठ्ठीची प्रत खोलीत आणि फोनमध्ये ठेवावी. झडतीत सुटी गोळी सापडली आणि चिठ्ठी गावी असली तर उगाच मनस्ताप होतो.

## टप्पा ४: पहिलं बोलणं कुणाशी, ते ठरवा

इथे फार चुका होतात. मित्राची काळजी वाटते म्हणून मुलं थेट रेक्टरकडे जातात, किंवा आईवडील प्राचार्यांच्या दालनात सगळं सांगून मोकळे होतात. रेक्टर आणि प्राचार्य वाईट माणसं नसतात, पण त्यांच्या कानावर गोष्ट गेली की ती अधिकृत होते आणि त्यांना पुढची कारवाई करावी लागते. म्हणून पहिलं बोलणं ज्याचं काम मदत करणं आहे त्याच्याशी हवं, शिस्तीचं काम ज्याच्याकडे आहे त्याच्याशी नंतर.

- व्यसनमुक्तीसाठी राष्ट्रीय मदत क्रमांक १४४४६. जवळचं सरकारमान्य केंद्र कोणतं, हे इथे कळतं.
- मन खचलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल तर टेलिमानस, १४४१६. चोवीस तास, मराठीतही.
- तंबाखू आणि सिगारेट सोडायला १८००-११-२३५६.
- कॉलेजचा समुपदेशक. पहिल्याच भेटीत विचारा: ‘मी सांगितलेलं तुम्ही कुणाला आणि कधी सांगाल?’ जीवाला धोका असल्याशिवाय सांगणार नाही, असं स्पष्ट उत्तर आलं तर पुढे बोला.

सावध: समुपदेशक हाच शिस्त समितीचा सदस्य असेल तर बाहेरच्या माणसाकडे जा. लहान कॉलेजांत हे सर्रास असतं.

मित्राशी बोलायचं असेल तर तो शुद्धीवर असताना, दुपारच्या वेळी, एकट्याने बोला. ‘तू व्यसनी आहेस’ असं म्हणू नका. जे डोळ्यांनी पाहिलं तेच सांगा: ‘गेल्या महिन्यात तीन प्रॅक्टिकलला तू नव्हतास, माझ्याकडून घेतलेले पैसे परत आले नाहीत, परवा रात्री तुझा श्वास अडकत होता.’ मग लगेच एक छोटी गोष्ट सुचवा. १४४४६ ला फोन लावून देणं पुरतं. ‘सोड म्हणजे सोड’ अशी शपथ घ्यायला लावू नका. शपथ मोडली की तो तुम्हाला टाळायला लागतो आणि मदतीचा एकमेव दुवा तुटतो.

दारूचं प्रमाण हाताबाहेर गेलं आहे का, हे पाहायला जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. ४० पैकी आठ किंवा अधिक गुण आले तर पिणं धोक्याच्या पातळीवर आहे असं धरतात. डॉक्टर किंवा समुपदेशक ती पाच मिनिटांत घेतात.

## टप्पा ५: उपचार कुठे आणि कसे

या टप्प्यावर घाई आणि लाज दोन्ही महागात पडतात.

अचानक बंद करण्याचा धोका आधी समजून घ्या. रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात दारू बंद केली तर सहा ते चोवीस तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, भास आणि ताप अशी अवस्था येऊ शकते आणि ती जीवघेणी असते. झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्यांनाही हाच धोका आहे. म्हणून ‘गावी नेऊन खोलीत ठेवू, आठ दिवसांत सुटेल’ हा बेत अशा मुलासाठी घातक आहे. हे डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं हळूहळू कमी करत होतं.

ब्राऊन शुगर सोडताना अंगदुखी, जुलाब, तळमळ यांनी माणूस बेजार होतो. त्यावर औषधं आहेत आणि ती सरकारी केंद्रांत मिळतात. एमडीसारखं उत्तेजक सोडल्यावर मन एकदम कोसळतं. पहिले काही दिवस त्याला एकटं ठेवू नका, आत्महत्येचे विचार येतात.

केंद्र निवडताना या क्रमाने जा. आधी जिल्हा रुग्णालयातला किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला मानसोपचार विभाग पाहा. मग सरकारी अनुदानातून किंवा मान्यतेवर चालणारी व्यसनमुक्ती केंद्रं. पुण्यातलं मुक्तांगण १९८६ पासून हे काम करतं आहे. त्यानंतर खाजगी केंद्र, तेही पुढची उत्तरं मिळाल्यावरच:

- २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली नोंदणी आहे का? प्रमाणपत्र दाखवायला सांगा.
- मानसोपचारतज्ज्ञ किती वेळा येतात? रात्री डॉक्टर कोण असतात?
- घरच्यांना भेटू आणि फोन करू देतात का?
- मारहाण, बांधून ठेवणं, उपाशी ठेवणं याबद्दल रुग्णांचा काय अनुभव आहे? आधीच्या एखाद्या रुग्णाच्या घरच्यांशी बोला.

‘आमची माणसं येऊन उचलून नेतील’ असं सांगणाऱ्या केंद्राला मुलगा देऊ नका. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायला कायद्यात ठरलेली प्रक्रिया आहे. त्यात तज्ज्ञांची तपासणी आणि ठराविक मुदत आहे. मोटारीत कोंबून नेणं त्यात बसत नाही.

सावध: ‘न कळत दारू सोडवा’ अशा जाहिरातीतली पूड किंवा गोळी जेवणात मिसळू नका. त्यात डायसल्फिराम असेल आणि मुलाने त्यावर दारू घेतली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध फक्त रुग्णाच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यायचं असतं.

आता कायद्याचा मुद्दा. एनडीपीएस कायद्यात कलम ६४अ आहे. व्यसनी व्यक्तीवर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल, आणि ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घेत असेल, तर तिच्यावर खटला चालवला जाणार नाही अशी ही तरतूद आहे. हे संरक्षण मिळवण्यासाठी तीन गोष्टी हव्यातच: व्यसन असल्याचं वैद्यकीय निदान, मान्यताप्राप्त संस्था, आणि पूर्ण झालेले उपचार. अर्धवट सोडून आलात तर संरक्षण काढून घेता येतं. नोंदणी नसलेल्या केंद्रात भरपूर पैसे घालवून तीन महिने काढलेल्या मुलाला या कलमाचा उपयोग होईलच असं नाही. म्हणूनच वर सरकारी विभाग पहिल्या क्रमांकावर ठेवला आहे.

सिगारेटबद्दल थोडक्यात: पहिले तीन दिवस सर्वांत जड जातात, दोन ते चार आठवड्यांत तलफ ओसरू लागते. निकोटिनचं च्युइंगम वापरत असाल तर सतत चघळू नका. थोडं चावा, तिखट लागलं की गालात ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, त्याने निकोटिन नीट शोषलं जात नाही.

## टप्पा ६: कॉलेजकडून रजा घ्या, पण कारण मोजकंच सांगा

उपचार सुरू झाले की त्याच आठवड्यात रजेचा अर्ज द्या. बहुतेक ठिकाणी परीक्षेला बसायला ७५ टक्के उपस्थिती लागते, आणि मागाहून आणलेलं प्रमाणपत्र संशयाने पाहिलं जातं.

डॉक्टरांकडून दोन कागद घ्या. एक सविस्तर, निदानासह. तो घरी ठेवा, न्यायालयात लागू शकतो. दुसरा कॉलेजसाठी: ‘अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत वैद्यकीय उपचारांखाली, विश्रांतीची गरज’ एवढाच मजकूर. मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक विकारही येतात, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क कलम २३ मध्ये आहे. निदान विचारणाऱ्या कारकुनाला हे शांतपणे सांगा. कॉलेजमध्ये आधीच चौकशी सुरू असेल तर मात्र उपचारांची माहिती लपवू नका, ती तुमच्या बाजूचा मुद्दा आहे.

तपासा: अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख पडली का? तोंडी परवानगी पुढे कुणाला आठवत नाही.

## टप्पा ७: नोटीस किंवा चौकशी आली तर

खोलीत काही सापडलं की त्याच रात्री कागद पुढे सरकवला जातो आणि ‘इथे सही कर, प्रकरण मिटेल’ असं सांगितलं जातं. मुलं रडवेली होऊन सही करतात. त्या कागदात ‘मी अमली पदार्थ बाळगले व इतरांना दिले’ असं लिहिलेलं असू शकतं, आणि तोच कागद पुढे पोलिसांकडे जाऊ शकतो.

१. कोरा किंवा न वाचलेला कागद कधीही सही करू नका. सांगून लिहून घेतलेला माफीनामाही तसाच. ‘मला लेखी नोटीस द्या, मी लेखी उत्तर देतो’ हे एक वाक्य पुरे.
२. नोटिशीत नेमका आरोप, तारीख, जागा आणि नियमाचा क्रमांक आहे का पाहा. नसेल तर लेखी मागा.
३. उत्तर छोटं ठेवा. जे खरं आहे ते नाकारू नका, जे केलं नाही ते कबूल करू नका. दुसऱ्याचं नाव अंदाजाने घेऊ नका.
४. उपचार सुरू असल्याचा पुरावा, समुपदेशकाचं पत्र आणि पुढची योजना जोडा.
५. सुनावणीला पालकांना सोबत येऊ देण्याची विनंती करा. सुनावणीचा वृत्तांत मागा.

लघवीच्या तपासणीबद्दल: पट्टीवरची झटपट चाचणी प्राथमिक असते. सर्दी-खोकल्याच्या काही औषधांमुळेही ती चुकीने सकारात्मक येऊ शकते. प्रयोगशाळेतली पक्की तपासणी मागा आणि आधीच्या दिवसांत घेतलेल्या औषधांची यादी द्या. उलट, नियमित गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत सोडल्यानंतर काही आठवडेही अंश सापडू शकतात. त्यामुळे उपचार सुरू झालेल्या मुलाची चाचणी सकारात्मक आली म्हणजे त्याने पुन्हा घेतलं असं ठरत नाही. हे समितीला डॉक्टरांच्या पत्राने कळवा.

निर्णय अन्यायाचा वाटला तर अपील आणि विद्यार्थी तक्रार निवारण समिती हे मार्ग आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांनुसार या समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तिच्या निर्णयाविरुद्ध १५ दिवसांत विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी नेमलेल्या लोकपालाकडे (ऑम्बड्सपर्सन) जाता येतं. शिक्षा रद्द करा एवढंच मागण्यापेक्षा पर्याय सुचवा: वसतिगृह सोडतो, प्रवेश ठेवा, किंवा एक सत्र रजा द्या, उपचार पूर्ण करून परत येऊ द्या. समितीलाही बहुधा असाच मधला मार्ग हवा असतो, पण तो लिहून समोर ठेवणारं कुणी नसतं.

पोलीस आले तर: अंगझडतीपूर्वी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागण्याचा हक्क एनडीपीएस कायद्याच्या कलम ५० ने दिला आहे. मुलीची झडती फक्त स्त्रीच घेऊ शकते. अटक झाल्यास चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं. वकील परवडत नसेल तर १५१०० वर मोफत कायदेशीर मदत मिळते. पळू नका, फोनमधले संदेश पुसत बसू नका, आणि पैसे देऊन मिटवण्याचं आश्वासन देणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नका. पहिल्याच भेटीत वकिलाला कलम ६४अ बद्दल विचारा.

## टप्पा ८: परत आल्यानंतरचे पहिले तीन महिने

उपचार करून आलेला मुलगा त्याच खोलीत, त्याच सोबत्यांत परतला तर केलेलं सगळं पाण्यात जातं. खोली, शक्य असेल तर वसतिगृहच बदला. माल देणाऱ्याचा क्रमांक काढून टाका. काही काळ पैसे घरच्यांबरोबरच्या सामाईक खात्यातून घ्या, तेही मुलाच्या संमतीने. समुपदेशकाची आठवड्याची वेळ वेळापत्रकात लेक्चरइतकीच पक्की ठेवा. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस आणि नार्कोटिक्स अॅनॉनिमसच्या सभा बऱ्याच शहरांत भरतात, त्या मोफत असतात आणि तिथे आडनाव विचारत नाहीत.

गॅदरिंग, परीक्षा संपल्याची रात्र, होळी, ३१ डिसेंबर आणि निरोप समारंभ या तारखा आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. त्या संध्याकाळी कुठे असायचं आणि कुणासोबत, हे आठवडाभर आधी ठरवा.

एकदा पाय घसरला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा, औषधं बदलावी लागू शकतात. आणि मित्रांनी, घरच्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं: काही आठवडे बंद राहिल्यानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी जेवढी ब्राऊन शुगर किंवा दारू ‘चालायची’ तेवढीच आता जीव घेऊ शकते. अशा रात्री त्याला ओरडण्याआधी टप्पा एकमधल्या खुणा तपासा आणि शेजारी बसून राहा.